प्रार्थनेचा विषय क्रमांक चार

आमच्या नगरच्या मंडळीनं, म्हणजे आमच्या चर्चनं, आम्हा नवराबायकोला मिशनरी म्हणून बंगळुरूला पाठवलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येतं अशी माझी खात्री होती. ती खात्री अजून बरीचशी शाबूत आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर शेवटी कुणाला वाटायचं की बाई पस्तावली आणि गरीब गाय झाली. तसं काही नाही. पण या हकिकतीत आणखी एक बाई आहे आणि तिला विचारल्याशिवाय मी लिहायला बसलेले नाही. ती म्हणाली, निपाणीच्या बाजूची एवढं लिहा, गाव लिहू नका. म्हणून गाव लिहीत नाही.

निरोपाच्या उपासनेत पाळकसाहेबांनी आमच्या डोक्यावर हात ठेवले, भगिनी मंडळानं रडून घेतलं, आणि एका आजीनं मला विचारलं की तिकडे भाकरी मिळते का. जणू आम्ही समुद्रापलीकडे निघालो होतो. खरं सांगायचं तर माझ्यासाठी ते परदेशच होतं. पाट्या वाचता येईनात, कंडक्टर काय म्हणतो कळेना, आणि भाजीवालीशी घासाघीस करता येईना. शेवटची गोष्ट मला फार लागली. नगरला मी कोथिंबिरीच्या जुडीवरून अर्धा बाजार हलवला आहे.

आम्हाला काम दिलं होतं गरजूंना इंग्रजी शिकवण्याचं. पहिल्या आठवड्यात एका रिक्षावाल्याशी मी माझ्या नगरी हिंदीत बोलायला गेले, तर त्यानं मला स्वच्छ इंग्रजीत समजावलं की मॅडम, हा रस्ता एकेरी आहे, पलीकडून या. नवरा इतका हसला की मी त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. ज्या शहरात रिक्षावाला पाच भाषा बोलतो तिथे आम्ही डोंबलाचं काय शिकवणार होतो!

आम्ही चामराजपेटेत एका जुन्या मराठी घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. घरमालकीण साठीची, तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून आम्हीही अक्का. तिचे पूर्वज तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले, तेव्हापासून घरात मराठी आहे, पण ती मराठी ऐकून मला पहिल्यांदा हसू आवरेना. जेवण म्हणायचं तर ऊट, थोडं म्हणायचं तर स्वल्प, आणि बरं म्हणायचं तर सरी. मी तिची भाषा सुधारायला गेले. ती म्हणाली, तुझी मराठी कालची गं, माझी जुनी. पुढे मीच घरात सरी-सरी करायला लागले ते वेगळं. ख्रिस्ती भाडेकरू ठेवल्याबद्दल तिला दोघातिघांनी टोकलं होतं. तिनं त्यांना सांगितलं की मराठी बोलतात, वेळेवर पाणी भरतात, बाकी देवाचं त्यांचं त्यांनी बघावं.

शिकणारी माणसं शेवटी सापडली ती बोम्मसंद्र्यात. तिथे होसूर रोडला कारखान्यांची रांग आहे. एका तमिळ मंडळीचा पत्र्याचा हॉल रविवारी दुपारी रिकामा असायचा, तो आम्हाला मिळाला. तेव्हा तिकडे मेट्रो जात नव्हती. चामराजपेटेतून मार्केट, मार्केटातून दुसरी बस, आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मागे टाकेपर्यंत मांडीवरच्या पिशवीला घाम फुटायचा. पण हॉलमध्ये पंधरा-सोळा बायका वह्या घेऊन बसलेल्या असत, आठवड्याची एकुलती एक सुट्टी सोडून आलेल्या. त्यांना बघितलं की माझ्या अंगात वारं शिरायचं. मी चांगली शिकवते. हे मी स्वतःच म्हणते, कारण नवरा कधी म्हणत नाही. तो मागे बसून ज्यांना अक्षरच लागत नाही त्यांना अक्षरं गिरवायला लावायचा, न कंटाळता, न ओरडता. तेही शिकवणंच, पण मला जमणारं नाही.

वर्ग संपला की आम्ही प्रार्थना करत असू. ज्यांना थांबायचं त्या थांबत, बाकीच्या जात. कुणावर जबरदस्ती नव्हती आणि कायद्यानंही करता आली नसती.

त्या बायकांत एक मराठी निघाली. ती निपाणीच्या बाजूची. वय माझ्याएवढंच, पण चेहऱ्यानं मोठी दिसायची. कारखान्यात ती सर्किटच्या पट्ट्या तपासायची. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोघी लाइन लीडर झाल्या होत्या आणि ही तिथेच होती, कारण लीडरला पाळी बदलताना साहेबापुढे इंग्रजीत बोलावं लागतं. बोलायला उभं केलं की हिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. प्रार्थना सुरू झाली की ती उठून बाहेर चपलांपाशी थांबायची आणि आम्ही निघालो की बसस्टॉपपर्यंत आमच्याबरोबर यायची. मराठी ऐकायला येते, म्हणायची.

अशाच एका रविवारी बसची वाट बघताना तिनं मला सांगितलं. नवरा ट्रेलरवर ड्रायव्हर, मारकुटा. आठ महिन्यांपूर्वी ती त्याचं घर सोडून कारखान्यातल्या दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायला आली. माहेरी कुणाला पत्ता नाही. फोनवर सांगायची, ट्रिपला गेलेत, चेन्नईला आहेत. कारण धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतरचं, तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्ताचं. मुलाकडचे जुन्या वळणाचे. थोरली नवऱ्याला सोडून राहते हे कळलं तर धाकटीचं मोडेल. लग्न पार पडलं की मी स्वतः जाऊन आईला सांगणार, म्हणाली, तोवर तोंड शिवून बसायचं. आणि मग म्हणाली की हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगून हलकं वाटलं. मी तिचा हात धरला. मला खरोखर भरून आलं होतं.

आता आमची रीत सांगते. ज्यांना मंडळी पैसा आणि प्रेम देऊन बाहेर पाठवते त्यांनी महिन्याला एक पत्र पाठवायचं. त्यात कामाची खबर असते, आणि शेवटी क्रमांक घालून प्रार्थनेचे विषय. ते पत्र पहिल्या रविवारी उपासनेत मोठ्यानं वाचतात, आणि मंडळी महिनाभर त्या विषयांसाठी प्रार्थना करते. आमच्यात दुःख असं सांगायचंच असतं. माझ्या आईच्या गर्भाशयाची पिशवी काढली तेव्हा दीडशे माणसांनी भर उपासनेत त्या पिशवीसाठी प्रार्थना केली होती आणि आईला त्याचं काही वाटलं नव्हतं, उलट बरं वाटलं होतं.

पण आमची पत्रं फिकी पडत होती. बसला गर्दी होते, हवा छान आहे, वर्गाला पंधरा जणी येतात. मंडळीतले एक वडील, म्हणजे चर्चच्या कारभारातले एक ज्येष्ठ, मला फोनवर चेष्टेनं म्हणाले, पोरी, तुझं पत्र म्हणजे एसटीचं वेळापत्रक. ते मला झोंबलं. मी त्या महिन्याचं पत्र मन लावून लिहिलं, आणि विषय क्रमांक चार असा लिहिला: सीमाभागातली एक बहीण, बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात सर्किट तपासते, ड्रायव्हर नवऱ्याच्या मारहाणीमुळे वेगळी राहते, धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी माहेरी कळू दिलेलं नाही. तिला धीर मिळावा आणि ख्रिस्तातल्या तारणाची ओळख व्हावी म्हणून प्रार्थना करा.

नवऱ्यानं वाचलं आणि विचारलं, तिला विचारलंस का? मी म्हणाले, नाव कुठे लिहिलंय? तो म्हणाला, नाव सोडून सगळं लिहिलंयस. मी म्हणाले, तुम्हाला माझं काही चांगलं झालेलं बघवतच नाही. आणि पत्र पाठवून दिलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं.

मंडळीत पत्र वाचलं गेलं. म्हणे बायका रडल्या. त्या वडिलांचा फोन आला, आता कसं पत्रासारखं पत्र झालं. मी तीन दिवस हवेत होते.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत. भगिनी मंडळातल्या एकीची भाची निपाणीत नर्स आहे. तिच्या मोबाइलवर पत्र गेलं, तिथून दवाखान्यात, तिथून गावात, आणि गावातून हिच्या भावाच्या हातात. बोम्मसंद्रा, सर्किट, ड्रायव्हर, धाकटीचं लग्न. नाव कशाला पाहिजे होतं? वरून गावात उठलं होतं की ही बाटली, ख्रिश्चन झाली, म्हणून नवऱ्यानं टाकली. पत्राखाली आमचा फोन नंबर आणि पत्ता होताच. मुलाकडच्यांना खरं काय ते सांगायचं म्हणून भाऊ रविवारी सकाळी बसनं येणार होता, आधी आमच्याकडे. आणि तीन आठवड्यांवर लग्न.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्या देवाला सांगायचं होतं तर देवाला सांगायचं. एवढ्या माणसांना कशाला सांगितलासा?"

मी फोन ठेवला आणि पायरीवर बसून ढसाढसा रडले, आणि अक्कानं खालून विचारलं तेव्हा तिला सगळं सांगून टाकलं. म्हणजे तेव्हाही माझं तोंड बंद राहिलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रविवारपर्यंत आम्ही दोघं एकाच गोष्टीवर बोलत होतो. भाऊ विचारणार की पत्रातली बाई माझी बहीण आहे का. हो म्हटलं की लग्न मोडलं. नाही म्हटलं तर आम्ही मिशनरी, तोंडावर खोटं बोललो. नवरा म्हणाला, मी खोटं बोलू शकणार नाही. मी म्हणाले, मलाही बोलायचं नाही, पण मग त्या पोरीचं काय? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. अक्का मधेच वर आली आणि म्हणाली, तुमच्या एकुलत्या एका देवाला चालत नसेल तर मी बोलते खोटं, माझ्याकडे पुष्कळ आहेत, त्यातला एक तरी सोडून देईल. मी हसले आणि परत रडले. पण अक्कावर ढकलणं मला पटलं नाही. पत्र मी लिहिलं होतं.

भाऊ आला. पस्तिशीचा, साधा, पांढरा सदरा, रात्रभराच्या बसनं डोळे लाल झालेले. आरडाओरडा करणाऱ्यातला तो नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. बहीण त्याच्याआधी दहा मिनिटं आली होती आणि दाराशी उभी होती. माझ्याकडे ती बघत नव्हती. अक्कानं कॉफी आणली आणि जायच्या ऐवजी तिथेच बसली. भावानं कॉफीला हात लावला नाही. खिशातून मोबाइल काढला, पत्र उघडलं आणि विषय क्रमांक चार मला मोठ्यानं वाचून दाखवला. माझीच वाक्यं. लिहिताना काय सुंदर वाटली होती.

मग त्यानं विचारलं, "ह्यातली बाई माझी बहीण हाय का?"

मी म्हणाले, "नाही."

माझा आवाज मला चांगला आठवतो. तो जराही हलला नाही. मी सांगितलं की पत्रातली बाई रायबागकडची आहे, दुसऱ्या कारखान्यात आहे, वर्गाला येते, पण तुमची बहीण ती नव्हे. तुमची बहीण फक्त इंग्रजीसाठी येते, प्रार्थनेला कधी बसलेली नाही, बाहेर चपलांपाशी थांबते. शेवटचं खरं होतं आणि ते म्हणताना मला किती हायसं वाटलं. त्यानं नवऱ्याकडे तोंड फिरवलं. सर, तुम्ही सांगा. बाईमाणसापेक्षा पुरुषाच्या शब्दावर त्याचा भरवसा, आणि माझ्या पुरुषाला खोटं बोलता येत नाही. नवरा म्हणाला, पत्र हिनं लिहिलंय, कुणाबद्दल लिहिलंय ते हिलाच माहीत. त्यात खोटं काही नव्हतं. एवढं बोलून तो खिडकीबाहेर बघत राहिला.

टेबलावर माझं शास्त्र, म्हणजे बायबल, होतं, लग्नात आईनं दिलेलं, काळ्या कातड्याच्या वेष्टनाचं. ते त्यानं बोटानं दाखवलं.

"त्या पुस्तकावर हात ठेवून सांगा."

आमच्यात शपथ घ्यायची नाही असा दंडक आहे. लहानपणापासून मी शपथ घेतलेली नाही, शाळेत पोरी गळ्याची शपथ घे म्हणायच्या तेव्हाही नाही. तेवढं त्याला सांगितलं असतं तर तेही खरंच होतं. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मला दिसत होतं की मी आता कुठलाही दंडक काढला तर तो उठेल, मोबाइल खिशात घालेल आणि निपाणीला जाऊन मुलाकडच्यांना खरं ते सांगेल, म्हणजे लग्न मोडलंच. दाराशी ती उभी होती. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

मी शास्त्रावर उजवा हात ठेवला आणि म्हणाले, "पत्रातली बाई तुमची बहीण नाही."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. गार झालेली कॉफी एका घोटात प्यायली. अक्कानं त्याला उपमा खायला घातला, त्याच्या गावच्या पिकांची चौकशी केली, आणि तिच्या त्या अघळपघळ मराठीत असं बोलत राहिली की दहा मिनिटांत तो हसलासुद्धा. परतीच्या बसमध्ये बसवायला बहीण त्याच्याबरोबर बसस्टँडवर गेली.

ते गेल्यावर मला वाटलं नवरा आता काहीतरी बोलेल. त्यानं कपबश्या विसळल्या, पुसल्या, आणि मग माझ्याशेजारी बसून मनातल्या मनात प्रार्थना केली. कशासाठी ते मी विचारलं नाही. मला मात्र आठवडाभर ते शास्त्र उघडता आलं नाही. उघडायला हात लावला की तोच हात दिसायचा. मी देवाशी भांडले. म्हटलं, चूक माझी, मान्य, पण मग दुसरा रस्ता दाखवायचा होता ना. वर्गात पहिल्यांदाच मी प्रार्थना नवऱ्याला करायला सांगितली. बायकांना वाटलं माझा घसा बसलाय.

पुढच्या महिन्याचं पत्र लिहायची वेळ आली. त्यात मी बसची गर्दी लिहिली, हवा लिहिली, वर्गाला सतरा जणी येतात असं लिहिलं. ते उपासनेत वाचायच्या आधीच त्या वडिलांचा फोन आला, की त्या बहिणीचं काय झालं, आम्ही रोज प्रार्थना करतोय. मी म्हणाले, बरी आहे. ते म्हणाले, सविस्तर लिही की पोरी. मी म्हणाले, सविस्तर काही नाही. ते जरा नाराज झाले. मनात आलं, यांना सांगून टाकावं, मंडळीपुढे उभं राहून कबुली द्यावी, चार बायका रडतील, माझं ओझं उतरेल. पण मी कबूल केलं की ते निपाणीला पोचणार, आणि अजून लग्न व्हायचं होतं. मग मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात एवढे दिवस कुठली गोष्ट पोटात राहिली नव्हती.

लग्नापर्यंतचे तीन रविवार ती वर्गाला आली नाही. मी रोज तारखा मोजत होते. लग्नाच्या दिवशी मला जेवण गेलं नाही, दर तासाला मोबाइल बघत होते, वाईट बातमी आली तर तिच्या आधी मलाच फोन येईल असं उगाच वाटत होतं. फोन आला नाही.

त्याच्या पुढच्या पुढच्या रविवारी ती हॉलच्या दारात आली, हातात स्टीलचा डबा. वर्ग चालू होता. ती तिच्या जागेवर बसली आणि सगळ्यांबरोबर धडा वाचला. संपल्यावर बायका गेल्या, प्रार्थनेला थांबणाऱ्या पुढे सरकल्या, नवऱ्यानं प्रार्थना सुरू केली. मी आणि ती बाहेर चपलांपाशी उभ्या राहिलो. ती सांगत होती. लग्न नीट झालं. पाचपरतावन उरकल्यावर तिनं आईला समोर बसवून सगळं सांगितलं, नवऱ्याचं, खोलीचं, इतक्या महिन्यांचं. आई आधी रडली, मग म्हणाली, मला आधी का नाही सांगितलंस, मी आले असते. भाऊ तिथेच होता. त्यानं सगळं ऐकलं आणि उठून अंगणात गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा एवढंच म्हणाला की त्या बाईनं पुस्तकावर हात ठेवून मला खोटं सांगितलं.

माझा चेहरा पडला असणार. मी विचारलं, मग तू काय म्हणालीस?

ती म्हणाली, "मी म्हटलं, दादा, ते तुझ्यामाझ्यात राहू दे. त्यांच्या लोकांना कळलं तर त्यांचं काम जाईल. ताई, मी कुणाला सांगणार नाही."

मग तिनं डबा उघडला आणि बहिणीच्या लग्नातला बुंदीचा लाडू माझ्या हातावर ठेवला.